मदत हवी आहे: पोरगा फुटबॉलच्या नावानं तोंड फिरवतो, थांबवू की रेटू?

संत्राबाग
नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, येत्या नोव्हेंबरात 13 पूर्ण होतील. गाव वरुड तालुक्यातलं, अकादमी 14 किलोमीटरवर. सहा दिवस पहाटे साडेपाच ते सात, त्यातले तीन दिवस संध्याकाळीही दीड तास, रविवारी मॅच. नेणं-आणणं गाडीवर माझंच. मागच्या वर्षी बूट उशाशी घेऊन झोपायचा. आता रविवार उजाडला की पोट दुखतं. मैदानाच्या कडेला बसून लेस सोडतो, बांधतो, पुन्हा सोडतो. विचारलं तर "काही नाही". 14 वर्षांखालची जिल्हा निवड तोंडावर आली आहे. थांबवू की रेटू?

शिट्टी
दादा, हा प्रश्न दोन पायऱ्या पुढचा झाला. पोरगा नेमका कशाला कंटाळला ते आधी शोधा. "फुटबॉल नको" म्हणण्यात सात-आठ निराळ्या गोष्टी असतात आणि या वयात त्या सुट्या करून सांगता येत नाहीत, म्हणून "काही नाही" येतं.

वहीच्या कागदाच्या आठ चिठ्ठ्या करा: चेंडू, मित्र, सर, मॅच, पहाटे उठणं, येणं-जाणं, अंग (दुखत नसेल तर 10), घरी होणारी चर्चा. प्रत्येकीवर त्यानं 0 (अजिबात नको) ते 10 (खूप आवडतं) मधला आकडा लिहायचा. लिहिताना समोर बसू नका, आणि आकड्यावर वाद तर अजिबात नको. "सर 2" वाचून तुम्ही "अरे पण सर चांगले आहेत" म्हणालात की पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्यांवर 8 येईल.

आता तुमच्याच वेळापत्रकाचा हिशेब. पहाटेचे नऊ तास, संध्याकाळचे साडेचार, वर मॅच. पंधरा झाले. मुलांच्या सरावाचा सर्वमान्य ठोकताळा असा की आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, एक दिवस पूर्ण सुटी असावी आणि वर्षातले दोन-तीन महिने तो खेळच बंद असावा. तुमच्याकडे सुटीचा वार शिल्लकच नाही. साडेचारला उठवायचं आणि नऊ तास झोप द्यायची तर साडेसातला डोळा लागायला हवा. ट्यूशनवरून आलेलं पोरगं तेव्हा जेवतही नसतं.

नोव्हेंबरचा जन्म हीसुद्धा लहान बाब नाही. शालेय स्पर्धांचे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेला पोरगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा असतो, आणि या वयात दहा महिन्यांत खांदा भरतो, मिसरूड फुटते. कौशल्य तेवढंच असून धक्क्यात चेंडू जातो आणि "घाबरट" हा शिक्का बसतो. भिंतीवर पेन्सिलीनं उंचीची खूण करा, दर तीन महिन्यांनी बघा. दोन सेंमी किंवा जास्त वाढ दिसली तर उंचीचा जोर सुरू आहे. तेव्हा हातपाय आधी लांबतात, अंदाज चुकतो, सोपे पासही हुकतात. ते काही महिन्यांत सावरतं, पण त्या काळात बाकावर बसवून ठेवलं तर मन कायमचं उतरतं.

दवाखाना_ताई
मनाचं म्हणण्याआधी शरीर तपासा, इकडं ते फार राहून जातं.

टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबा. कळ आली तर टाचेच्या हाडाची वाढीची पट्टी दुखावली आहे. पोटरीचा स्नायू तिला ओढतो आणि आपली काळी माती वाळली की फरशीसारखी टणक होते, त्यावर उंच स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट थेट टाचेत टोचतात. तसंच गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर जो उंचवटा असतो तो दाबून बघा. 10 ते 15 वयात धावणाऱ्या पोरांचं हे नेहमीचं दुखणं. उपाय: धावणं-उड्या कमी, सरावानंतर फडक्यात गुंडाळून बर्फ 10-15 मिनिटं, बुटात टाचेखाली मऊ गादी, आणि कडक मैदानावर बारीक रबरी दाण्यांचे टर्फ बूट. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी. वर्षभरापूर्वीचे बूट आज बसत असतील यावर भरवसा ठेवू नका. एकाच बाजूला सूज, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा लंगडणं असेल तर घरगुती उपाय नको, सरळ डॉक्टरकडे.

दुसरं, हिमोग्लोबिन. 12 ते 14 वयात 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. असा पोरगा दुसऱ्या हाफमध्ये ढेपाळतो आणि सगळे त्याला आळशी ठरवतात. त्याच वेळी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचीही तपासणी करून घ्या, विदर्भात प्रमाण मोठं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी करून रुग्ण की वाहक हे ठरतं. सांधे दुखणं, डोळे पिवळसर, लवकर थकवा ही रुग्णाची लक्षणं. वाहकाला एरवी त्रास नसतो, पण उन्हात, पाणी न पिता, दम तुटेपर्यंत पळवलं तर धोका होतो. म्हणून निकाल सरांनाही कळवायचा.

काळीमाती
येवढे लाड काहून करता भाऊ? मोबाईल हिसकून घ्या, पोट्टं आपोआप मैदानात जाते.

लाईनमन
काळीमाती भाऊ, मोबाईल घेतल्यानं टाच दुखायची थांबत नाही.

संत्राबाग, सरांशी एकदा बोला, पण मैदानावर सगळ्यांसमोर नको. तीनच प्रश्न: चुकीला शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावता का? मागच्या चार मॅचमध्ये हा किती मिनिटं खेळला? याची जागा कोणती, आणि ती कोणी ठरवली? पुढं खेळणाऱ्या पोराला ठेंगणा म्हणून बॅकला (मागे बचावात) टाकलं की तो महिनाभरात विझतो, हे हमखास घडतं. आणि मारहाण निघाली तर मग प्रश्न आवडीचा राहत नाही. त्या क्षणी पाठवणं बंद, आणि 1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन.

संत्राबाग
चिठ्ठ्या केल्या. चेंडू 9, मित्र 8, येणं-जाणं 6, सर 5, अंग 3, मॅच 2, उठणं 1, घरची चर्चा 0. दोन्ही टाचा दाबल्या की ओरडतो. रक्ताची तपासणी सोमवारी. शून्याचं काय करू?

लाईनमन
मॅच संपल्यावर परतीच्या 14 किलोमीटरमध्ये काय बोलता ते आठवा. मागे बसलेल्याला गाडीवरून उतरताही येत नाही. नियम एकच ठेवा: मॅचबद्दल दुसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही अवाक्षर काढायचं नाही. त्यानं काढलं तर ऐका, दुरुस्ती सांगू नका. गाडीवर "भूक लागली का?" एवढं पुरे. घरात आजोबा-काकांनाही हेच. बुटाला किती पैसे गेले हा विषय तर कायमचा बंद.

शिट्टी
चेंडू 9 आहे म्हणजे खेळ शाबूत आहे, वीट आलाय तो स्पर्धेचा. तीन आठवडे अकादमी पूर्ण बंद करा, टाचेलाही तेवढी विश्रांती हवीच. सरांना आधीच कळवा: "टाचेच्या दुखण्यामुळे 21 दिवस सुटी, नंतर आठवड्याला तीन दिवस, महिनाभर मॅच नाही." तारीख लिहून दिली की पळ काढला असं कोणी म्हणत नाही, पोरालाही तोंड लपवावं लागत नाही. चेंडू घरी दिसेल असा राहू द्या, पण "जरा मार ना" म्हणायचं नाही.

दुखणं गेल्यावर गल्लीतल्या पोरांसोबत चार विरुद्ध चार: 30 बाय 20 पावलं, चपलांचे गोल, गोलकीपर नाही, पंच नाही, आणि मोठ्यांपैकी कोणी बघायला उभं नाही. अकरांच्या मॅचपेक्षा इथं चेंडू पायाला कितीतरी जास्त वेळा लागतो. नंतर अकादमीत पहिले दोन आठवडे फक्त संध्याकाळी, तिसऱ्यापासून एकच पहाट. पहाटेला उपाशी नको: अर्धा तास आधी एक केळ आणि पाणी, आल्यावर दूध-अंडं किंवा भाकरी-वरण. टाच पुन्हा दुखली की एक आठवडा मागे जायचं. एप्रिल-मे सराव नाहीच. पारा 45 ला टेकतो, पोरांना नदी, आंबे, मामाचं गाव असू द्या.

महिन्यानं चिठ्ठ्या पुन्हा. "मॅच" 5 च्या वर गेली तरच मॅच, तीही अर्धा वेळ नक्की खेळवतील असं सरांकडून कबूल करून.

संत्राबाग
आणि निवड? ती पंधरा दिवसांवर आहे. 14 वर्षांखालचं त्याचं हे शेवटचं वर्ष.

शिट्टी
जाऊ द्या. पुढच्या वर्षी तो 17 वर्षांखालच्या गटात जाईल, आणि तिथं त्याच्याकडे तीन वर्षं आहेत. पहिल्या वर्षी तिथंही तो वयानं सगळ्यात लहानांतलाच असेल, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.