विषय: आजोबांची बोट सापडेना, टिलबरीच्या यादीत नाव नाही (स्मरणिकेसाठी, तातडीचं)

प्रेषक: क्रॉयडनहून

मंडळी, नमस्कार.

मीटिंगमध्ये ठरलं त्याप्रमाणे प्रत्येक जुन्या घराने चार ओळी द्यायच्या आहेत. माझ्या चार ओळी बोटीपाशी अडल्यात. आजोबा १९३४ च्या सप्टेंबरात बॅरिस्टरीसाठी आले, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मुंबईहून टिलबरीला, म्हणजे लंडनच्या बंदराला, लागलेल्या बोटींच्या याद्या ऑगस्ट ते ऑक्टोबर, पान न् पान पाहिल्या. नाव नाही. आमचं आडनाव 'क्ष'चं, म्हणून के, एक्स, सी, एस अशा चारही अक्षरांखाली शोधून झालं. मजकूर शुक्रवारी छापायला जातोय. बोटीची ओळ गाळायला मात्र मन होत नाही. आजीने आम्हाला सगळं सांगितलं, एवढं एकच सांगायचं राहिलं.

कुणी लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन हे काम केलंय का?

प्रेषक: वाचनालय

ताई, आडनावाने शोधूच नका. ब्रिटनमध्ये आलेल्या प्रवाशांच्या या याद्या १८७८ ते १९६० पर्यंतच्या आहेत, त्या टाइप केल्या बोटीवरच्या कारकुनांनी आणि त्यांची सूची केली आपली नावं कधी न ऐकलेल्यांनी. देशपांड्यांचे 'देश' आणि 'पांडे' असे दोन तुकडे होतात आणि माणूस 'पी'खाली जातो. जोशींचा 'जे' कधी 'टी' वाचला जातो. कधी वडिलांचं नावच आडनाव म्हणून धरतात. तेव्हा बोट आणि महिना धरा, वय साधारण बावीस-तेवीस, व्यवसायाच्या रकान्यात 'विद्यार्थी' आणि मग इंग्लंडमधला पत्ता बघा. पत्ता थॉमस कुक (प्रवासी कंपनी), बर्कली स्ट्रीट किंवा इंडिया हाउस (भारताच्या उच्चायुक्तांची कचेरी), ऑल्डविच असेल तर ते राहण्याचं ठिकाण समजू नका. तिथे फक्त टपाल यायचं. त्या एका पत्त्यामुळे मी एका कुटुंबाला चुकीच्या घराचा फोटो काढायला पाठवलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक. मंडळाच्या कपाटात याद्यांच्या छापील प्रती आहेत, त्या कृपया माझ्याकडूनच न्याव्यात. मागच्या वेळी दोन पानं परत आली नाहीत.

प्रेषक: माजी खजिनदार

ती दोन पानं मी दिवाळीच्या कार्यक्रमात, हॉलच्या दारात, स्वतः तुमच्या हातात दिली आहेत. वहिनी शेजारी होत्या, त्यांना विचारा.

मूळ प्रश्नाबद्दल सांगतो. टिलबरीवर अडून राहू नका. माझी आई १९५५ साली 'सर्केशिया'ने आली. ती अँकर लाइनची बोट, मुंबईहून थेट लिव्हरपूलला जायची. मी तीन वर्षं लंडनच्या याद्या उपसत होतो. शेवटी लिव्हरपूलच्या यादीत दहा मिनिटांत सापडली, आईच्या नावापुढे 'गृहिणी' आणि माझं वय 'दोन'. ते पान मी छापून भिंतीवर लावलंय.

प्रेषक: लेस्टरहून

काका, लिव्हरपूल आहेच, पण प्लिमथ विसरू नका. पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटी लंडनला येण्याआधी तिथे थांबायच्या, काही जण तिथेच उतरायचे. त्यांची नावं त्या बंदराच्या यादीत जातात.

आणि सगळे मुंबईहूनच निघाले असं आपण का धरतो? आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या कलकत्त्याहून. नवऱ्याची पोस्टातली नोकरी तेव्हा श्रीरामपूरला होती. मराठी माणूस म्हणजे मुंबई बंदर, हे समीकरण पक्कं नाही. कराची, कोलंबोही तपासा.

प्रेषक: वाचनालय

आनंदीबाईंचं खरं आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. ताईंच्या आजोबांची ट्रंक आपण सगळ्यांनी रौप्यमहोत्सवात पाहिली आहे, तिच्यावर 'मुंबई' स्पष्ट रंगवलेलं आहे.

पानांबद्दल वहिनींशी बोलतो.

प्रेषक: नॉटिंगहॅमचे डॉक्टर

उशिरा लिहितोय, ड्यूटीवर होतो.

सगळे नावाच्या मागे लागलेत. माझ्या मते आजोबा टिलबरीला उतरलेच नाहीत. मुंबईची बोट एडन, सुएझ, पोर्ट सैद करत मार्सेलला लागायची. ज्याला लवकर पोचायचं तो तिथेच उतरून रेल्वेने फ्रान्स ओलांडायचा, इंग्लिश खाडीची लहान बोट पकडायचा आणि जिब्राल्टरच्या वळशाचे सहा-सात दिवस वाचवायचा. गांधीजी गोलमेज परिषदेला आले ते असेच. २९ ऑगस्ट १९३१ ला 'राजपुताना'ने मुंबई सोडली, ११ सप्टेंबरला मार्सेल, १२ ला लंडन. आणि मार्सेल बंदर आपल्याला कुणी शिकवायला नको. सावरकरांनी ८ जुलै १९१० ला 'मोरिया'तून उडी मारली ती तिथेच.

आता मुद्दा असा. या याद्या युरोप आणि भूमध्य समुद्राबाहेरून आलेल्या बोटींच्या आहेत. फ्रान्समधल्या कॅलेहून खाडी ओलांडून डोव्हरला आलेल्याची नोंद त्यांत होत नाही. म्हणजे नाव चुकीचं लिहिलं गेलेलं नाही, ते लिहिलंच गेलेलं नाही. असली यादी कितीही नेटाने वाचली तरी काय हाती लागणार?

प्रेषक: वाचनालय

डॉक्टर, तर्क चांगला आहे. पण विद्यार्थी सामानासकट येत. ती ट्रंक दोघांना उचलत नाही, ती घेऊन कोण गाड्या बदलत बसेल? पुराव्याशिवाय स्मरणिकेत मार्सेल छापायला माझा विरोध आहे.

प्रेषक: नॉटिंगहॅमचे डॉक्टर

जड सामान बोटीवरच ठेवून मागाहून लंडनला सोडवून घेता यायचं. पण पुरावा हवा, हे मान्य. ताई, वाटेतून टाकलेली कार्डं आहेत ना? मजकूर राहू द्या, टपाल तिकिटं बघा. आणि जुना पासपोर्ट कुणाकडे असला तर त्यातला उतरल्याचा शिक्का.

प्रेषक: क्रॉयडनहून

हात थरथरतायत, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

पासपोर्ट नाही. कार्डं दोनच, आत्याच्या अल्बममध्ये. पहिलं पोर्ट सैदचं. दुसऱ्यावर चित्र आहे एका बाईचं, कबुतरांना दाणे घालणाऱ्या, मागे दगडी चौक. आम्ही लहानपणापासून त्याला ट्रॅफल्गार स्क्वेअर म्हणत आलो. मजकूर आत्याने वहीत उतरवून ठेवलेला, 'आज उतरलो. जमीन अजून हलते आहे. प्रकृती उत्तम.' उतरले म्हणजे लंडनलाच, यात कुणालाच शंका आली नाही. कोपऱ्यांचे कागद ठिसूळ झालेत म्हणून कार्ड कधी कुणी बाहेर काढलं नव्हतं. आज सुरीच्या बोथट बाजूने हळूच सरकवलं. मागे तिकीट आहे ते इंग्लंडच्या राजाचं नाही. लष्करी पोशाखातला, मिशीवाला माणूस आणि खाली इटलीचं नाव. शिक्का अर्धा पुसलेला, शेवटची अक्षरं 'झिया' वाचता येतात.

प्रेषक: वाचनालय

'व्हेनेझिया'. व्हेनिस! कबुतरं सेंट मार्कच्या चौकातली. ताई, मी माझा विरोध मागे घेतो. मार्सेल नव्हे, पण डॉक्टरांचं सूत्र बरोबर निघालं.

म्हणजे बोट इंग्रजांची नसणार, बहुधा लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीची. त्यांच्या बोटी मुंबईहून इटलीला जायच्या. सुभाषबाबू फेब्रुवारी १९३३ मध्ये 'गँजेस'ने मुंबईहून निघून व्हेनिसलाच उतरले होते. 'व्हिक्टोरिया', 'कॉन्ते रोस्सो', 'कॉन्ते व्हेर्दे' याही त्यांच्याच. यांतली कोणती, हे शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर तेव्हाच्या मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या जहाजांच्या वेळापत्रकाशी ताडून बघता येईल. तारखेचा भाग तिरप्या उजेडात धरून फोटो काढा. तिकीट पाण्यात सोडवू नका. कार्ड लॅमिनेट तर मुळीच करू नका.

आणि परतीचा प्रवास तपासा. ब्रिटनमधून बाहेर गेलेल्यांच्या याद्या वेगळ्या आहेत, १८९० ते १९६०. परत जाताना ते लंडनहून चढले असतील तर त्यांचा इथला शेवटचा पत्ता मिळेल.

प्रेषक: लेस्टरहून

ताई, वाचून डोळे भरले. माझ्याकडेही सासऱ्यांचं एक असंच न काढलेलं कार्ड आहे. आत्ता जाऊन बघते.

प्रेषक: सचिव

स्मरणिकेतलं ताईंचं पान सोमवारपर्यंत थांबवलं आहे, छापखान्याशी बोललो. तूर्त मजकूर असा धरतो: '१९३४, मुंबईहून बोटीने व्हेनिस, पुढे रेल्वेने लंडन.' कबुतरांचं चित्र आणि तिकिटाची बाजू, दोन्ही शेजारी शेजारी छापू. रविवारी कार्ड कोरड्या पाकिटात घेऊन या, स्कॅनर हॉलवर असेल. इतरांनीही आपापल्या कार्डांच्या मागच्या बाजू आणाव्यात.

प्रेषक: माजी खजिनदार

वहिनींना आठवलं. दोन पानं हार्मोनियमच्या पेटीत आहेत. रविवारी आणतो.