आकडे मेलमध्येच लिहा

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली की पुन्हा मेल कशाला, असा प्रश्न पडतो. दोन्ही लागतात, कारण कामं वेगळी आहेत. एखादी गोष्ट कशी करायची, हे आवाजात पटकन समजतं. दर, तारीख, खाते क्रमांक मात्र मेलमध्येच हवेत. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' ऐकताना हमखास गडबड होते. ५९ चे ६९ झाले की अख्खं कोटेशन चुकतं.

दुसरी अडचण शोधण्याची. सहा महिन्यांनीही मेल विषयावरून सापडतो, नोटसाठी मात्र सगळं चॅट सरकवत बसावं लागतं. म्हणून नोट पाठवली की लगेच दोन ओळींचा मेल टाकाच: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत.

नोटच मेलला जोडायची असेल तर लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपची फाइल ओपस (.opus) या ऑडिओ प्रकारची असते. ऑफिसातल्या काही कॉम्प्युटरवर ती वाजत नाही. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये वाजते. जोडण्याआधी फाइलचं नाव बदला, 'बिल दुरुस्ती, मार्च' असं काहीतरी.

रेकॉर्ड करताना माइकचं बटण दाबून वर सरकवून लॉक करा आणि पाठवण्याआधी एकदा ऐका. पंख्याखाली बसून बोललेलं अर्धं ऐकूच येत नाही.