पैसा आधी कार्यशाळेला की सुपरव्हिजनला? (इंदूर, युवा मानसिक आरोग्य)

रामबागकर
कोचिंगच्या पोरांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना कुणी मदत देऊ केली की पहिली मागणी ठरलेली: दोन दिवसांची कार्यशाळा. चाळीस खुर्च्या, प्रोजेक्टर, पोहे-जिलेबी, शेवटी प्रमाणपत्र. माझ्या मते हा पैसा आधी सुपरव्हिजनला जावा, म्हणजे समुपदेशकांनी आपल्या केसेस अनुभवी माणसापुढे नियमित मांडून चर्चा करण्याला. दर पंधरवड्याला दीड तास, चार-पाच समुपदेशक आणि एक अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. एका बैठकीत दोनच केसेस, नाव-गाव काढून. प्रत्येक केसपुढे शेवटी एक ओळ लिहायची: पुढे काय, कोण करणार, कधीपर्यंत. आणि सुपरव्हायजर पगार ठरवणारा नसावा, नाहीतर लोक अडलेल्या केसेस लपवतात आणि छान झालेल्याच घेऊन येतात.

पागनीसपागा
ज्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दलचा मूळ प्रश्नच विचारता येत नाही त्यांचं सुपरव्हिजन कसलं करता? मराठीत काय, हिंदीत काय, चूक एकच: 'असलं-तसलं काही मनात नाही ना?' त्या 'नाही ना'ला उत्तर 'नाही'च येणार. विचारणारा घाबरलाय हे पोराला कळतं आणि ते त्याची सुटका करून टाकतं. प्रश्न सरळ हवा: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' हो म्हणाला तर पुढे: काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झालाय का. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही, पण तो शब्द तोंडातून निघायला सराव लागतो. तिघांचा गट करायचा: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता टिपणारा. आठ मिनिटं संवाद, पाच मिनिटं टिप्पणी, मग अदलाबदल.

शिवाय सुप्रीम कोर्टाचे २५ जुलै २०२५ चे निर्देश वाचा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. कोचिंगही त्यात आलं.

रामबागकर
सराव मान्य. पण चाळीस जणांचे तेरा गट आणि प्रशिक्षक एकटा; अकरा गटांत चुकीचाच सराव पक्का होतो. तेच सोळा तास आठवड्याला दोन असे आठ आठवड्यांत, पंधरा जणांना द्या. मधल्या दिवसांत माणूस खऱ्या पोरांशी बोलतो आणि पुढच्या वेळी प्रश्न घेऊन येतो. म्हणजे अर्धं सुपरव्हिजनच झालं की!

लोकमान्यनगर
दोघंही पुढचा खड्डा विसरताय. प्रशिक्षण मिळालं की उत्साहात ३०० पोरांना एकाच दिवशी पीएचक्यू-९ (नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरायला देतात. त्यातला नववा प्रश्न मरून गेलेलं बरं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही असलं तर त्याच दिवशी समोर बसून बोलायला हवं, एकूण गुण कमी असले तरी. समजा तीस जण निघाले, प्रत्येकी पाऊण तास: साडेबावीस तास. दोन समुपदेशक ते संध्याकाळपर्यंत कसे करणार? फॉर्म फायलीत राहतात, आणि 'लिहून दिलं तरी कुणी विचारलं नाही' हे पोरगं लक्षात ठेवतं. रोज ७५ असे चार दिवस करा, तेही दुपारच्या आत, म्हणजे संध्याकाळ बोलायला मोकळी राहते.

दुसरं, टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ भिंतीवर चिकटवला म्हणजे रेफरल (पुढच्या मदतीकडे पाठवणं) झालं नाही. फोन पोराच्या शेजारी बसून लावायचा. बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाची ओपीडी कोणत्या वेळी असते ते महिन्याला एकदा फोन करून तपासायचं, सोबत कोण जाणार ते ठरवायचं, आणि ४८ तासांत विचारायचं, 'गेलास का?' आजच धोका असेल तर ओपीडीची वाट बघायची नाही, एमवायच्या (इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या) इमर्जन्सीत न्यायचं, तोवर एकटं सोडायचं नाही. याला देणगी नको, एक वही पुरते.

पागनीसपागा
वही ठेवा, पण कुलपात. आणि गोपनीयतेचं वचन सरसकट देऊ नका. भंवरकुआंला पीएससीवाले बहुतेक सज्ञान, गीता भवनकडे जेईई-नीटची सोळा-सतरा वर्षांची मुलं. अठराच्या आतल्या मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला तर पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, न कळवणं गुन्हा आहे. म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचं: तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास दिला असेल, तर हे आपल्या दोघांत राहणार नाही. हे वाक्यही कार्यशाळेतच पाठ होतं, रामबागकर!

रामबागकर
पाठ होतं, पण वेळेला आठवत नाही.

लोकमान्यनगर
आठ आठवडे घ्यायचेच असतील तर जुलैत सुरू करा, नव्या बॅचेस बसत असतात तेव्हा. जानेवारीपासून जेईई, मग मेमध्ये नीट. त्या काळात स्वयंसेवक प्रशिक्षणाला सापडत नाहीत आणि पोरांना मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त हवे असतात. सुपरव्हिजनचे पैसे जानेवारी ते जूनसाठी बाजूला काढून ठेवा.