मदत हवी आहे: नडगीचं हाड कापून पाय सरळ केला तर वरचा सांधा बिघडतो का? (नागपूर)

घाईत_नागपूरकर
सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. गुडघ्यासाठी एचटीओ (हाय टिबियल ऑस्टिओटॉमी) सुचवलं आहे. नडगीचं हाड वरच्या टोकाला कापणार, फट उघडणार, प्लेट लावणार. डॉक्टर म्हणतात सांध्याला हातच लावत नाही. अरे, खालचं हाड फिरवलं तर वरचा सांधा जसाच्या तसा कसा राहील? आणि पुढंमागं गुडघा बदलायची वेळ आली तर तो बसतो का? माहीत असेल त्यांनीच लिहा. तेल सुचवू नका.

मानेवाड्याची_मावशी
निर्गुंडीचं तेल नुसतं चोळून होत नाही, वरून शेकावं लागते. माझ्या जावेला फरक पडला.

बजाजनगर_७७
आईचं वय किती? सत्तरीच्या पुढं असेल तर हाड कापत कशाला बसता, सरळ गुडघा बदला. २०१७ पासून सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे, पूर्वीसारखं लुटत नाहीत.

घाईत_नागपूरकर
आई कुठून आली? पाय माझा आहे.

ऑर्थो_निवासी
वय? झीज फक्त आतल्या बाजूची की सगळीकडं? गुडघा पूर्ण सरळ होतो का? उभं राहून कमरेपासून घोट्यापर्यंतचा स्कॅनोग्राम, म्हणजे अख्ख्या पायाचा लांब एक्स-रे, काढला का? सिगरेट?

घाईत_नागपूरकर
मी सांध्याचं विचारून राहिलो, तुम्ही सिगरेट विचारून राहिले. ४६. आतली बाजू. सरळ होतो. स्कॅनोग्राम नाही, साधा एक्स-रे आहे. सिगरेट दिवसाला दोन-तीन, काय संबंध?

ऑर्थो_निवासी
हाड जुळायला उशीर होतो, हा संबंध. बंद करा.

आता तुमचा प्रश्न. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. काप सांध्याच्या तीन-चार सेंटीमीटर खाली असतो, कूर्चेला धक्का लागत नाही. पण सांध्याभोवतीची मांडणी बदलते. पाय बाहेर बाकलेला असला की खुब्यापासून घोट्यापर्यंतची भाररेषा गुडघ्याच्या आतल्या कप्प्यातून जाते, म्हणून तिथंच झीज. आतून फट उघडली की रेषा मध्य ओलांडून बाहेरच्या अंगाला जाते. आतल्या कडेपासून रुंदीच्या ६२ टक्क्यांच्या आसपास ती यावी असं बरेच सर्जन बघतात. त्यासाठीच तर हे ऑपरेशन.

पण गुडघ्याच्या वाटीचा कंडरा नडगीच्या ज्या उंचवट्याला चिकटतो, तो नेहमीच्या पद्धतीत कापाच्या खाली राहतो. फट उघडली की उंचवटा खाली जातो आणि वाटीलाही खाली ओढतो. नडगीच्या माथ्याला मागच्या बाजूला थोडा उतारही असतो. पुढची फट मागच्याइतकीच उघडली तर तो वाढतो, म्हणून पुढची साधारण निम्मी ठेवतात. आणि बाक मुळात मांडीच्या हाडात असताना नडगी कापली, तर पाय सरळ दिसतो पण सांध्याची रेषा तिरपी होते. स्कॅनोग्राम त्यासाठी विचारला.

महावितरण_निवृत्त
माझं क्लोज वेज झालं. बाहेरून पाचर काढली, शेजारचं बारीक हाडही कापलं. पाय किंचित तोकडा आहे, पण रोज अंबाझरीला चक्कर मारतो. वाटी खाली-बिली काही नाही. ओपन वेज, म्हणजे तुमचं फट उघडायचं, ही नुसती फॅशन. हे ऑपरेशन मेयोच्या डॉ. कॉव्हेंट्रींनी १९६५ पासून रूढ केलं, तेव्हा पाचर काढूनच करत होते. शेवटी अलाइनमेंट आहे हो, टायर एका बाजूनं घासला की आपण काय करतो?

ऑर्थो_निवासी
घासलेला टायर घासलेलाच राहतो काका. इथंही गेलेली कूर्चा नव्यासारखी होत नाही, भार तेवढा हलतो. आणि क्लोज वेजमध्ये त्या बारीक हाडाजवळच्या (फिब्युला) नसेला इजा झाली तर पाऊल वर उचलत नाही.

महावितरण_निवृत्त
माझं उचलते.

बजाजनगर_७७
आपल्या नागपूरच्या मेयो हॉस्पिटलात १९६५ ला हे होत होतं? कमाल आहे.

महावितरण_निवृत्त
अमेरिकेतलं मेयो क्लिनिक, बाप्पा.

धंतोलीकर
ऑपरेशन कुठंही करा, धंतोलीत फॉलोअपला कार आणू नका. आमच्या फाटकासमोर लावून जातात लोक.

घाईत_नागपूरकर
गुडघा बदलायचं राहिलं.

ऑर्थो_निवासी
बसतो. पण पहिल्यांदाच बदलण्यापेक्षा किचकट. प्लेट काढावी लागते. वाटी खाली असेल तर सांधा उघडताना जागा कमी मिळते. नडगीच्या माथ्याचा आकार बदललेला असतो, म्हणून कापायचं मोजमाप जपून घ्यावं लागतं. तुमच्या वयात तरी स्वतःचा सांधा काही वर्षं टिकला तर चांगलंच. गुडघ्याला जुनी इजा आहे का? लिगामेंट?

घाईत_नागपूरकर
कॉलेजात कबड्डीत पुढचं लिगामेंट तुटलं होतं. ते तसंच आहे, नंतर आतली गादी (मेनिस्कस) काढली. याचा काय संबंध?

ऑर्थो_निवासी
अहो, सगळा संबंध त्याचाच! गादी काढली म्हणून आतली बाजू झिजली. आणि पुढचं लिगामेंट नसताना उतार वाढला तर नडगी आणखी पुढं घसरते. तुमच्या केसमध्ये उतार वाढता कामा नये, जमल्यास कमीच करावा. क्लोज वेजनं तो कमी होऊ शकतो. सर्जनना हे सांगितलं आहे का?

महावितरण_निवृत्त
बघा, क्लोज वेज.

ऑर्थो_निवासी
काका, तुमच्या कारणासाठी नाही.

घाईत_नागपूरकर
त्यांनी विचारलंच नाही. उद्या जुने एमआरआय घेऊन जातो, स्कॅनोग्रामही काढतो. वाटी खाली येऊ नये म्हणून काही करतात का?

ऑर्थो_निवासी
करतात. काप असा घेतात की उंचवटा वरच्या तुकड्यासोबत राहतो, मग वाटी जागेवर राहते. फट मोठी असेल तर आवर्जून विचारा. घर कितव्या मजल्यावर आहे?

घाईत_नागपूरकर
तिसऱ्या. लिफ्ट नाही. याचा काय संबंध?