भीड चेपणे आणि आइसब्रेकर

मूळ प्रश्न
प्रौढ साक्षरता वर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकांसाठीची एक मार्गदर्शिका मी सध्या मराठीत आणते आहे. पहिल्या दिवशी, पाटी-पेन्सिल हातात देण्याआधी, आलेल्या माणसांना बोलते करण्यासाठी जे छोटे खेळ घेतात (इंग्रजीत ‘आइसब्रेकर’, म्हणजे शब्दशः बर्फ फोडणारे), त्यांना मी ‘भीड चेपणारे खेळ’ म्हटले. मसुदा तपासणाऱ्यांनी ते खोडून समासात लिहिले, ‘भीड चेपणे म्हणजे निर्ढावणे.’ आमच्या घरी मात्र ‘नव्या सुनेची भीड चेपली’ हे कौतुकानेच म्हणत. यातले बरोबर काय, आणि याहून नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद १
दोन्ही अर्थ चालतात. ‘पोर आता मोकळी बोलते, भीड चेपली तिची’ यात कौतुक आहे. ‘एकदा भीड चेपली की उधारी मागायलाही लाजत नाही’ यात नाही. खटकते ते वेगळेच: भीड आपली आपण चेपते, ती दुसरा कोणी चेपून देत नाही. खेळ संकोच घालवू शकेल, म्हणून ‘संकोच घालवणारे खेळ’ असे साधे लिहावे.

प्रतिसाद २
कंपन्यांमध्ये प्रशिक्षण घेताना मी सरळ ‘आइसब्रेकर’ म्हणतो आणि कोणी अडत नाही. ‘बर्फ वितळवणे’ मात्र कृपया नको. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1947 मध्ये मांडलेल्या बदलाच्या प्रक्रियेत जुनी घडी सैल करण्याच्या पहिल्या टप्प्याला गोठलेले वितळवण्याचेच नाव आहे, आणि आमच्या क्षेत्रात ती संज्ञा रोज लागते. पंधरा मिनिटांच्या खेळाला तेच नाव दिले, तर शिकणाऱ्यांचा गोंधळ उडतो.

प्रतिसाद ३
कोणी अडत नाही म्हणून परका शब्द ठेवायचा, हे मला पटत नाही. बर्फ फोडून वाट काढणारी जहाजे ज्यांच्या समुद्रात फिरतात, त्यांना ती प्रतिमा जवळची. आपल्याकडे ‘कोंडी फोडणे’ आहे. ‘महापौर’ हा शब्दही प्रथम अवघडच वाटला असणार, तरी तो रुळला. शिवाय ‘भीड’ हा शब्द ‘भी’ म्हणजे भय यावरूनच आला असावा, असे मला नेहमी वाटते. ‘निर्भीड’ पाहा.

प्रतिसाद १
कोंडी वाटाघाटींत होते किंवा रस्त्यावर. पहिल्यांदा एकत्र बसलेल्या वीस माणसांत कोंडी नसते, नुसते अवघडलेपण असते. आणि भीड निव्वळ भय कशी असेल? आपण एखाद्याकडे ‘भीड घालतो’ तेव्हा भीती घालत नाही, त्याच्याशी असलेल्या संबंधाचा आधार घेतो.

प्रतिसाद ४
शब्दाइतकेच खेळाकडेही पाहावे, असे मला कळकळीने वाटते. बचत गटांच्या प्रशिक्षणात मी अनेक वर्षे उखाण्याने सुरुवात करीत असे. हशा होई, टाळ्या पडत, आणि मला ते यशच वाटे. एकदा फेरी पुढे सरकत असताना तिसऱ्या रांगेतल्या एका बाई पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळू लागल्या, आणि त्यांची पाळी येण्याआधीच पाणी प्यायला म्हणून उठून गेल्या. त्यांचे यजमान वर्षभरापूर्वी वारल्याचे मला शेजारच्या बाईंनी नंतर सांगितले. ज्या खेळाने भीड जावी, त्यानेच मी त्यांना सर्वांसमोर एकटे पाडले होते. तेव्हापासून मी उखाणा घेत नाही. ‘आज इथे यायला घरचे कोणते काम मागे ठेवून आलात?’ एवढेच विचारते, आणि तेही आधी दोघी-दोघींत.

मूळ प्रश्नकर्ती
हा अनुभव मार्गदर्शिकेत यायलाच हवा. नाव न घेता घालू का? आमच्या मसुद्यातही ‘आपल्या शाळेची एक आठवण सांगा’ असा खेळ आहे. जे शाळेत कधी गेलेच नाहीत, त्यांच्यासाठीच हा वर्ग आहे, हे माझ्या आत्ता ध्यानात आले.

प्रतिसाद ४
अवश्य घाला, आणि तो खेळ काढून टाका. शीर्षक ‘पहिली ओळख’ ठेवलेत तरी चालेल.

प्रतिसाद ३
‘ओळख’ने नाव-गाव कळते, संकोच जात नाही. मी अजूनही ‘कोंडी’च म्हणेन.