प्रतिसाद : पोरांना राजकारणापासून लांब ठेवा?

शिकायच्या वयात पोरांना राजकारण नकोच, हे मत अर्धंच पटतं. प्रचारात लहान मुलं नकोत हे बरोबर, निवडणूक आयोगाने 2024 च्या लोकसभेआधी तशी कडक ताकीदही दिली होती, रॅलीत नाही, घोषणांना नाही, पत्रकं वाटायला नाही (तरी टेम्पोत कोण बसलेलं असतं ते आपण बघतोच). पण कॉलेजच्या पोरांचं काय? 1989 ला मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या भांडणात एका उमेदवाराचा खून झाला, मग 1994 च्या राज्याच्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुकाच गेल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले. आमच्या वर्गातला पहिला नंबरवाला असाच सीआर (वर्गप्रतिनिधी) झाला, बिचाऱ्याला ते नकोच होतं, वर्षभर तो लायब्ररीत.

2016 च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण कागदावरून कॉलेजात यायचं नाव नाही. म्हणजे 18 ला खासदार निवडायचा, 21 ला ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, आणि कॉलेजात साधा जीएस (विद्यार्थ्यांचा सरचिटणीस) मत देऊन निवडायची सोय नाही! मग पोरं सभा चालवायला, हिशोब मागायला शिकणार कुठे, दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो छापून?