हाय व्होल्टेज लॅबची जागा सिम्युलेशन घेऊ शकतं का?

चेंबूरकर:
मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात स्फिअर गॅपचा, म्हणजे धातूच्या दोन गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी पाडून व्होल्टेज मोजण्याचा प्रयोग बंद करून वायूतल्या डिस्चार्जचं (वायूतून वीज वाहण्याचं) संगणकावरचं सिम्युलेशन ठेवायचं घाटतंय. कारणं दोन: जागा आणि सुरक्षितता. माझा ठाम विरोध आहे. ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्या व्होल्टेजला ठिणगी पडते ते, वायूचा दाब आणि इलेक्ट्रोडमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पाशेनने 1889 मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवलं. आता मुलं कोडमध्ये आकडे भरणार, आलेख निघणार, जर्नलवर सही होणार. पण भरायचे आकडे कुठले? आयन आदळल्यावर कॅथोडमधून (ऋण इलेक्ट्रोडमधून) किती इलेक्ट्रॉन सुटतात तो गुणांक, म्हणजे गॅमा, 0.01 धरला तर नेहमीच्या सूत्राने हवेचं किमान ब्रेकडाउन व्होल्टेज सुमारे 305 व्होल्ट येतं. तोच 0.001 धरा, 457 येतं. धातूवर ऑक्साइड चढलं तरी गॅमा बदलतो. आपल्या इलेक्ट्रोडचा गॅमा कोडला कोण सांगणार?

प्लाझ्मा_पवई:
स्फिअर गॅपमध्ये तरी मुलांना काय दिसतं हो? एक ठिणगी आणि मीटरवरचा आकडा. हवेतला स्ट्रीमर, म्हणजे ठिणगीआधी पुढे सरकणारी आयनीभूत हवेची बारीक वाट, सेकंदाला एक ते दहा लाख मीटर वेगाने धावतो, म्हणजे सेंटीमीटरभर फट 10 ते 100 नॅनोसेकंदांत पार. सिम्युलेशनमध्ये एका इलेक्ट्रॉनपासून सुरू झालेला लोंढा दहा कोटींच्या घरात गेला की त्याचं स्वतःचं क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या तोडीला कसं येतं, हे टप्प्याटप्प्याने बघता येतं. आणि कोड अंदाजपंचे नसतात. 2013 मध्ये हीलियमच्या डिस्चार्जवर पाच स्वतंत्र कोड ताडून पाहिले, उत्तरं जुळली.

चेंबूरकर:
जुळणारच. पाचही जणांना क्रॉस सेक्शन (इलेक्ट्रॉन वायूच्या कणांवर आदळण्याची शक्यता सांगणारे आकडे) तेच दिले होते आणि इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत असं धरलं होतं. गणित बरोबर सोडवलं एवढं त्यातून कळतं. माझा गॅमाचा प्रश्न तिथे मुळात काढूनच टाकलेला आहे.

सबस्टेशनवाला:
मी चेंबूरकरांच्या बाजूने. दमट हवेत ठिणगी लवकर पडते असं नवीन पोरं हमखास सांगतात. मोकळ्या फटीत उलटं होतं. पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन पकडतात. घनमीटरमागे एक ग्रॅम बाष्प वाढलं की स्फिअर गॅपचं व्होल्टेज साधारण 0.2 टक्क्याने चढतं. मात्र समुद्राचं मीठ बसलेला इन्सुलेटर ओला झाला की पृष्ठभागावरून फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ठिणगी सरकत जाते, तोही कमी व्होल्टेजला. कोरडी हवा धरून चालवलेला कोड यातलं काहीच सांगणार नाही.

प्लाझ्मा_पवई:
मग कोडमध्ये बाष्प घाला की! तुम्ही सबस्टेशनमधले आहात म्हणून विचारतो. जागा नाही म्हणून मुंबईत गॅसबंद स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची वायूने भरलेली बंद यंत्रणा) बसवतात, त्यात बहुतेक सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून जास्त तापमानवाढ करतो. त्याला पर्याय शोधताना प्रत्येक मिश्रण टाकीत भरून बघत बसणार का? आधी गणिताने चाळावंच लागतं.

चेंबूरकर:
चाळा ना, संशोधनाला माझी हरकत नाहीच. पण त्या चाळणीला लागणारे क्रॉस सेक्शन शेवटी कुणीतरी लॅबमध्येच मोजून ताडलेत.

प्लाझ्मा_पवई:
मोजलेत, पण स्फिअर गॅपवर नाही. पदवीच्या मुलाने त्या प्रयोगातून एकही क्रॉस सेक्शन काढलेला नाही, काढणारही नाही.

चेंबूरकर:
नाही काढणार. पण जानेवारीत आणि जुलैत तेवढ्याच फटीवर मोजलं, तापमान-दाबाची दुरुस्ती केली आणि तरी आकडे जुळले नाहीत, की तोच मुलगा तुमच्याकडे येऊन विचारतो, "सर, या कोडमध्ये बाष्प कुठे आहे?" ज्याने मोजलंच नाही, तो हे कशाच्या जोरावर विचारणार?